जिलानी बिल्डिंग, पहाटे तीन चाळीस

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ, नारपोली पोलीस ठाण्याच्या हद्दीत, पटेल कंपाऊंड आहे. तिथली घर क्रमांक 69, म्हणजे जिलानी अपार्टमेंट ही तीन मजली इमारत सोमवारी, 21 सप्टेंबर 2020 ला पहाटे 3 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास कोसळली. मेलेल्यांचा आकडा कुठे 38 छापून आला, कुठे 41. इतकी माणसं एका जागी गेली आणि ती किती होती याचा एक आकडाही सगळीकडे सारखा झाला नाही, हे मला त्या पडझडीइतकंच लागतं.

बातमीसाठी ही घटना तीन चाळीसला सुरू झाली. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी घड्याळ त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, फक्त ते त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून हा घटनाक्रम मागून सुरू करावा लागतो.

36 वर्षे आधी

ही इमारत 1984 साली उभी राहिली असं सांगितलं जातं. त्याच वर्षी मे महिन्यात भिवंडी दंगलीत होरपळली. 1970 च्या दंगलीनंतरची ही दुसरी मोठी जखम. अशा दंगलींनंतर माणसं जिथे जीव सुरक्षित वाटतो तिथे सरकतात. मोहल्ले तेवढेच राहतात, त्यातली माणसं वाढत जातात. त्यात 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसत गेल्या आणि कापडाचं काम भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांकडे वळलं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून कारीगर येत राहिले. बारा तासांची पाळी, बिशीतलं म्हणजे कारीगरांच्या खाणावळीतलं जेवण आणि पाठ टेकायला खोली. एकटे आलेले पुढे बायका-मुलांना घेऊन आले.

या गर्दीला घरं हवी होती. सरकारने ती बांधली नाहीत. ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडा होता त्यांनी बांधली; कुणी भाड्यावर, कुणी पागडीवर, कुणी डिपॉझिट घेऊन दिली. देशाला कापड पुरवणाऱ्या शहराने आपल्या कामगाराच्या छपराची जबाबदारी अशी बाजारावर सोडून दिली. पुढचं सगळं इथून सुरू होतं.

त्या सगळ्या वर्षांत, खांबाच्या आत

सिमेंट काँक्रिटचा खांब बाहेरून दगडासारखा दिसतो. पण त्याच्या आत लोखंडी सळई असते, आणि सळईपर्यंत पाणी पोचलं की गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतं. ती जागा मिळवायला ते आतून काँक्रिट फोडतं. आधी केसासारखी चीर दिसते. मग गिलाव्याचे पोपडे, मग सळईवरचं काँक्रिटच सुटून पडतं आणि तांबूस लोखंड उघडं होतं. संडास-मोरीची गळती, गच्चीवरून झिरपणारा पाऊस, खाडीकडून येणारी दमट हवा, या सगळ्यांनी हे काम वेगाने होतं.

भाडेकरू काय करतो? तो चुना लावतो. सिमेंटचा हात मारतो. पिलरला चीर पडली आहे असं मालकाला सांगतो. मालक म्हणतो, भाडं किती देता? जुन्या भाड्यात डागडुजी परवडत नाही हे मालकाचं म्हणणं, आणि घर आपल्या नावावर नाही तर खांबावर खर्च का करायचा हे भाडेकरूचं. दोघांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. पण सळई गंजायची थांबत नाही. यात पडायला तिसरा कुणीतरी हवा असतो, आणि तो कायद्याने नेमलेला असतो.

6 वर्षे आधी

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं 265-अ हे कलम म्हणतं की इमारतीला 30 वर्षं झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने तिची संरचनात्मक तपासणी करून ती राहण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र पालिकेला द्यायचं. 1984 धरलं तर जिलानीची 30 वर्षं 2014 मध्ये भरली. म्हणजे घड्याळाचा गजर सरकारनेच आधी लावून ठेवला होता.

त्याच कायद्याचं 264 वं कलम धोकादायक बांधकाम रिकामं करायचा, पाडायचा अधिकार पालिकेला देतं. पुढे शासनाने वर्गवारीही करून दिली. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. सी-2 अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-2 ब म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्त करा. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नियमांची वाण नव्हती. नियम कागदावर अगदी नीट होते.

7 वर्षे आधीपासून, एकामागून एक

4 एप्रिल 2013. भिवंडीपासून फार लांब नसलेल्या शिळफाट्याच्या लकी कंपाऊंडमध्ये बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत पडली. 74 माणसं गेली. तेव्हा बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी, पोलीस आणि नगरसेवकही अटकेत गेले. एका बेकायदा इमारतीत किती हात असतात हे त्या वेळी साऱ्या ठाणे जिल्ह्याने पाहिलं.

31 जुलै 2016. भिवंडीच्या गैबीनगरात इमारत पडली, माणसं गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये नवी बस्ती भागात पुन्हा तेच. ऑगस्ट 2019 मध्ये शांतीनगरात चार मजली इमारतीचा खांब बोलू लागला, पालिकेने ती रिकामी केली, आणि तरीही दोन जीव गेले, कारण काही जण सामान आणायला आत शिरले होते.

या शेवटच्या घटनेपाशी मला थांबावंसं वाटतं. सामानासाठी जीव घालवला, असं लोक सहज बोलून जातात. ज्याच्या घरात कपाटातले दागिने, शिलाई मशीन, मुलांचे दाखले आणि रेशनकार्ड एवढंच सगळं आहे, त्याला अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्यावर काढल्यावर तो परत जाणारच. त्याचं सामान सुरक्षित ठेवायला दोन शिपाई आणि एक ट्रक लागतो. ते कुणी पाठवलं नाही.

दर मे महिन्यात

पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. दारांवर नोटिशी लागतात. जिलानीबद्दल पुढे दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक म्हणजे ती धोकादायक इमारतींच्या यादीतच नव्हती. दुसरी म्हणजे तिला नोटीस दिली होती. दोन्ही विधानं सरकारी बाजूनेच आली. पहिलं खरं धरलं तर 36 वर्षांची इमारत यादीत का नव्हती हे विचारावं लागतं. दुसरं खरं धरलं तर नोटीस देऊन पुढे काय केलं हे विचारावं लागतं.

मी अशा नोटिशींबद्दल जितका विचार करतो तितका मला त्यांचा राग येतो. इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, दुर्घटना घडल्यास जबाबदारी आपली राहील, असा त्यांचा मजकूर असतो. जायचं कुठे, हे त्यात नसतं. संक्रमण शिबिराचा पत्ता नसतो. घर पाडल्यावर भाडेकरूचा हक्क शाबूत राहील याचं लेखी आश्वासन लोकांना सहसा मिळत नाही, आणि एकदा बाहेर पडलो की मालक परत आत घेणार नाही ही भीती काल्पनिक नाही. शहरात तशी उदाहरणं प्रत्येकाला माहीत असतात. मुस्लिम कुटुंबाला मोहल्ल्याबाहेर खोली मिळणं किती अवघड आहे तेही सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसाच्या दारावर चिकटवलेला कागद त्याला वाचवत नाही. तो कागद कार्यालयाला वाचवतो. उद्या काही झालं तर दाखवायला एक प्रत फायलीत असते.

आणि पुढे तीच प्रत मातम चाललेल्या घरात दाखवली जाते.

4 ते 6 महिने आधी

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी लागली आणि माग थांबले. भिवंडीत मागांचा खडखडाट थांबणं म्हणजे हातात येणारा पैसा थांबणं, कारण इथे बहुतेकांचा हिशेब विणलेल्या मीटरवर चालतो. मे महिन्याच्या सुरुवातीला महाराष्ट्रातून ज्या पहिल्या श्रमिक गाड्या निघाल्या त्यातली एक भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला गेली. ज्यांना गाव होतं ते गेले. ज्यांचं गावच भिवंडी झालं होतं ते आपल्या खोल्यांत राहिले.

घरात राहा, सुरक्षित राहा, असं तेव्हा रोज सांगितलं जात होतं. जिलानीच्या खोल्यांतली माणसं घरातच राहिली. त्या उन्हाळ्यात कुणी नवी खोली शोधली असती तरी डिपॉझिट कुठून आणलं असतं?

28 दिवस आधी

24 ऑगस्टच्या संध्याकाळी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली. 16 माणसं गेली. ती दहा वर्षांचीही नव्हती. आठवडाभर राज्यात सगळीकडे इमारतींच्या तपासणीची चर्चा चालली. मग ती थांबली.

आदली रात्र

रविवार, 20 सप्टेंबर. राज्यात कोरोनाच्या रुग्णांचा एकूण आकडा त्या दिवशी 12 लाखांच्या वर होता. दिल्लीत राज्यसभेने गोंधळात शेतीविषयक विधेयकं मंजूर केली. दुबईत आयपीएलचा दुसराच सामना, दिल्ली विरुद्ध पंजाब, बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरपर्यंत गेला. देशातली कितीतरी पोरं त्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागली.

त्या इमारतीतल्या खोल्यांत त्या रात्री काय जेवण झालं, कोण कोणावर रागावलं, कोणी कोणाला उद्याचं काय सांगून ठेवलं, हे लिहायचा हक्क त्यांच्या माणसांचा आहे. मी ते कल्पनेने भरणार नाही. एवढं मात्र सांगता येतं की रविवारी रात्री घरात जितकी जास्त माणसं असू शकतात तितकी होती. मुलंही घरीच होती. मृतांच्या यादीत लहान मुलं इतकी का, याचं उत्तर यातच आहे.

पहाटे 3 नंतर

गंजलेला खांब पडण्याआधी बऱ्याचदा आवाज करतो. गिलावा सुटतो, लादी तडकते, दार चौकटीत अडकतं. आवाजाने जाग आलेल्या काही रहिवाशांनी बाहेर धाव घेतली आणि वाचले. बाकीचे गाढ झोपेच्या वेळेत होते. माणसांना हलवायला 36 वर्षं होती. शेवटी ते काम अंधारात, झोपेतून उठलेल्या शेजाऱ्यांवर येऊन पडलं, आणि त्यांच्या हाती फक्त काही क्षण होते.

3:40

इमारतीचा मोठा भाग खाली आला. खालचा खांब गेला की वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर बसतो आणि त्यांच्यामध्ये जी जागा उरते ती वीतभर असते. एखादं कपाट, पलंगाचा लोखंडी पाय, मोरीची भिंत यांनी जिथे थोडी पोकळी धरली तिथे माणूस जगू शकला.

सर्वांत आधी पोचली ती शेजारची माणसं. लुंगी-बनियनवर, मोबाईलच्या उजेडात, हातांनी. सुरुवातीच्या वीसेक जणांना या स्थानिक लोकांनीच बाहेर काढलं. जिवंत निघालेल्यांचा आकडा शेवटी 25 च्या आसपास थांबला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की त्या वस्तीने आपल्या माणसांसाठी काय केलं ते कळतं. याच वस्त्यांबद्दल आपल्याकडे काय काय बोललं जातं!

5 वाजल्यानंतर

फजरची अजान होईस्तोवर गल्ली भरून गेली होती. अग्निशमन दल, ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल आणि एनडीआरएफ ही पथकं श्वानांसह कामाला लागली. गल्ल्या अरुंद, मोठं यंत्र आत नेणं अवघड. अशा कामात मध्येच सगळी यंत्रं बंद करतात, शेकडो माणसांना गप्प राहायला सांगतात आणि ढिगाऱ्यात कान लावतात. त्या शांततेत नातेवाईक उभे असतात. आपल्या माणसाचा आवाज येतो का, हे ऐकण्यासाठी श्वास रोखून उभं राहणं किती वेळ सहन होईल? इथे ते चौथ्या दिवसापर्यंत चाललं.

ढिगाऱ्यातून एक चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बहुतेक वेळा पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं छोटंसं काहीतरी स्ट्रेचरवरून जात होतं.

सोमवार, दिवसभर

राष्ट्रपती आणि पंतप्रधानांनी शोक व्यक्त केला. नगरविकासमंत्री आणि ठाण्याचे पालकमंत्री एकनाथ शिंदे घटनास्थळी आले. मृतांच्या वारसांना 5 लाख रुपयांची घोषणा झाली. मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. पालिकेचे दोन अधिकारी निलंबित झाले. सकाळी दहाहून कमी असलेला मृतांचा आकडा रात्रीपर्यंत दहाहून जास्त झाला.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारच्या रात्री मुंबई परिसरात असा पाऊस झाला की सांताक्रूझला चोवीस तासांत 280 मिलिमीटरहून अधिक नोंद झाली. भिवंडीतही ढिगारा भिजत होता. ओला मलबा जड होतो, सरकतो, श्वानांना वास लागत नाही. आकडा वीसच्या पुढे गेला, मग तिशीच्या.

दवाखान्याच्या शवागाराबाहेर ओळख पटवण्याचं काम चालू होतं. हातातली बांगडी, कानातला डूल, पायाची ठेवण. कोरोनाचा काळ, तोंडाला मास्क, एकमेकांना मिठी मारायची नाही हा नियम. जनाजे एकामागून एक निघाले. एकाच घरातली दोन-तीन माणसं गेली तिथे मातमपुर्सीला आलेल्यांनी बोलायचं कोणाशी, हाही प्रश्नच होता.

गुरुवार, 24 सप्टेंबर

शोध थांबला. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने, या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि मुंबई महानगर परिसरातल्या इतर महापालिकांनाही जाब विचारायला बोलावलं.

बाहेर मात्र एव्हाना एक वाक्य फिरू लागलं होतं: नोटीस दिली होती, तरी हे राहतच होते. बोलणारे दुष्ट नसतात. त्यांना दुःख आवरून ठेवायला एखादं कारण हवं असतं. पण ज्या आईने आपलं मूल गमावलं तिच्या कानावर हे वाक्य पडतं तेव्हा त्याचा अर्थ एकच होतो, की तूच मारलंस. तिला रडतानाही स्वतःची बाजू मांडावी लागते. आमच्याकडे दुसरी जागा नव्हती, भाडं भरलं होतं, आम्ही मालकाला सांगितलं होतं. पूर आला, वीज पडली, तर शोक करणाऱ्याला असं उलटतपासणीत उभं राहावं लागत नाही. अन्यायाने मेलेल्यांच्या माणसांना ते लागतं, आणि त्यात शोक करायचा राहून जातो.

5 लाखांची मदत घरात येते तेव्हाही हेच होतं. वारस कोण, खातं कोणत्या बँकेत, कागद कुठे आहेत? कागद ढिगाऱ्यात आहेत.

17 महिने नंतर

26 फेब्रुवारी 2022 ला उच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. मधल्या काळात 9 जून 2021 ला मुंबईतल्या मालवणीत घर पडून 12 जण गेले होते, त्यात आठ मुलं. उल्हासनगरात एकाच महिन्यात दोनदा स्लॅब कोसळून माणसं दगावली होती. न्यायालयाने ही मरणं माणसांच्या निष्काळजीपणातून आलेली मानली आणि सुरक्षित जगण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमाशी जोडला. बेकायदा आणि जर्जर इमारतींसाठी पालिकांची जबाबदारी निश्चित केली. जिलानीचं नाव त्या निकालाच्या शीर्षकात आहे. त्या घरांतल्या माणसांसाठी कुठल्या अधिकृत कागदाने एवढं तरी म्हटलं, याला मी फार किंमत देतो.

2 वर्षे 7 महिने नंतर

29 एप्रिल 2023, शनिवार. भिवंडीजवळच्या वळपाड्यात वर्धमान कंपाऊंडमधली इमारत दुपारी पडली. खाली गोदामात काम चालू होतं, वर कुटुंबं राहत होती. पावसाळा लांब होता, मेची नोटीस अजून लागायची होती. आठ जण गेले. एक जण दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला.

एकनाथ शिंदे आता मुख्यमंत्री होते. ते आले, आणि मृतांच्या वारसांना 5 लाख रुपये जाहीर झाले.